कुंपणातली सात वर्षे

मी एक जुना ठोंब आहे, मित्रांनो. गवताचा ठोंब. हसू नका. मठ्ठ मुलाला तुमच्यात 'ठोंब्या' म्हणतात हे मला ठाऊक आहे. ज्याने कुणी तो शब्द काढला, त्याने माझ्याजवळ दोन घटका बसून माझी ओळख करून घेतलेली नाही, एवढेच म्हणेन. एखाद्याला तुच्छ लेखायचे असले की तुम्ही त्याला काडीची किंमत देत नाही, आणि बुडायला लागलात की आधार मात्र काडीचाच शोधता. असो. म्हाताऱ्याने तोंड उघडले की आधी गाऱ्हाणी बाहेर पडतात, तशी माझीही पडली. आता सरळ माझी गोष्ट सांगतो.

आमच्या बीला एक लांब कुसळ असते. ओल लागली की त्याचा पीळ सुटतो, ऊन लागले की पुन्हा बसतो, आणि असे फिरत फिरत ते बी आपले आपणच जमिनीत शिरते. मी एका कालवडीच्या शेपटीच्या गोंड्यात अडकून या उतारावर आलो. तिने माशी हाकलायला शेपटी झटकली आणि मी खाली पडलो. माझ्या जन्मातला प्रवास तेवढाच. मला कुणी पेरले नाही, कुणी पाणी घातले नाही. माझ्या जातीचे ठोंब या उतारावर माणसांच्या आधीपासून आहेत. आम्ही इथलेच.

पहिली दोन वर्षे माझी वर फक्त चार-पाच पाती दिसत. शेजारची एका पावसाची गवते भराभर वाढत, फुलत, आणि पाऊस सरला की वाळून जात. पुढच्या वर्षी त्यांची मुले तिथे उभी असत. मी मात्र खाली गुंतलो होतो. माझी मुळे आधी हातभर, मग पुरुषभर खोल गेली. तिथे भर उन्हाळ्यातही थोडी ओल असते आणि ती कुणी मागायला येत नाही.

उताराच्या पायथ्याशी एक लांबट, पत्र्याचा गोठा आहे, अकरा गाईंचा. गोठ्याला लागून घर. स्वयंपाकघराची खिडकी उताराकडे उघडते आणि मी त्या खिडकीच्या समोर, वर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे या घरातले बोलणे मला आयते ऐकायला मिळते. घरात तिघे जण. काका, आणि त्यांच्या भावाची दोन मुले, म्हणजे थोरली आणि तिचा धाकटा भाऊ. मुलांचे आईवडील लवकर गेले, तेव्हा काकांनीच दोघांना वाढवले. थोरलीने मोठी झाल्यावर गोठा आपल्या अंगावर घेतला. धाकट्याचा जीव यंत्रांत. दूध काढायचे यंत्र अडले की तो बोल्ट दातांत धरून तासभर त्याच्याशी गप्पा मारी, गाईंशी मात्र दिवसाकाठी चार शब्द बोलत नसे.

काकांनी सगळ्या उताराचे सहा पट्टे पाडले होते. गुरे एका वेळी एकाच पट्ट्यात सोडायची. दुपारी काका स्वतः येत, एखाद्या ठोंबाशेजारी उकिडवे बसत आणि जमिनीवर मूठ उभी धरत, अंगठा वर. खाल्लेले गवत अंगठ्याच्या टोकाशी आले, की गुरे लगेच बाहेर, पुढच्या पट्ट्यात. मग कुठली गाय कितीही रुसो. एक गाय फारच रुसायची. तिला घरात आडमुठीच म्हणत. फाटकातून निघतानाही ती शेवटचा घास तोंडात ठेवून जायची.

या मुठीत काय होते ते सांगतो. माझे नवे फुटवे शेंड्याला येत नाहीत, बुडाशी येतात, जमिनीलगत. गाय मला दातांनी कुरतडत नाही. ती जिभेने वेटाळून ओढते. वरचे ओढले तर माझे काही बिघडत नाही. उलट केस कापल्यावर तुमचे डोके हलके होते, तसे मला वाटते. पण तोंड बुडापर्यंत गेले की मला मुळांतली शिल्लक काढून जगावे लागते. एकदा चालते, दोनदा चालते. सतत तसे झाले की मुळेच झडतात. काकांना हे कुणी शिकवले कोण जाणे. त्यांना विचारले तर ते म्हणत, "बघत बसलं की कळतं."

मग लागोपाठ दोन वर्षे पाऊस फिरकला नाही. शेजारची गवते उगवलीच नाहीत. लोकांनी गुरे दूरच्या नातेवाइकांकडे धाडली. आमच्या पट्ट्यांत मात्र आम्ही होतो, हिरवेगार नाही, पण होतो. त्यातही आमचा वरचा पट्टा सगळ्यांत भरीचा, कारण तिथे माती खोल आहे. काका मूठभर उंचीच्या खाली एकही घास घेऊ देत नसत. गाई हाडकल्या, दूध निम्म्यावर आले, पण अकराच्या अकरा जगल्या. पाऊस परत आला त्या आठवड्यात काका माझ्याजवळ येऊन बसले आणि बराच वेळ माझ्या पात्यांतून हात फिरवत राहिले. इतकी माया मला कुणी दाखवली नव्हती. मला भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्याला हाक मारली. "या पट्ट्यानं आपल्याला जगवलं," ते म्हणाले. "आता यांना हात लावायचा नाही. चारी बाजूंनी तार घाल."

"आणि फाटक कुठं ठेवू?"

"फाटक नकोच. असलं की उघडावंसं वाटतं."

धाकट्याने खांब रोवले, चार पदरी तार ओढली, आणि माझी सात वर्षे सुरू झाली.

पहिले वर्ष सुखाचे गेले, खोटे कशाला बोलू. थकलेल्या अंगाला विश्रांती हवीच होती. मी कमरेइतका वाढलो, पोटभर बी धरले. काका पाहुण्यांना कुंपणाशी आणून दाखवत. दूध न्यायला येणारा गाडीवाला म्हणाला, "याला म्हणतात गवत." मित्रांनो, मला गर्व झाला. बाहेरचे ठोंब खाल्ले जात होते आणि मी तारेआडून त्यांच्याकडे पाहत होतो. एखाद्या लाडावलेल्या पोराने गल्लीत खेळणाऱ्या पोरांकडे पाहावे ना, तसा.

दुसऱ्या वर्षी आदल्या वर्षीची पाती माझ्या अंगावर तशीच वाळून उभी राहिली. आमची वाळलेली पाती सहजासहजी गळत नाहीत. ती कुणीतरी खावी लागतात. तिसऱ्या वर्षी त्यांच्यावर आणखी एक थर चढला. पाचव्या वर्षी मी करड्या गोधडीखाली सापडलो होतो. नव्या फुटव्याला ऊन लागते, आणि ऊन माझ्या बुडापर्यंत पोचेना. फुटवे निघत, चाचपडत, आणि अंधारातच मऊ पडून जात. शेवटी माझा मधला भाग मेला. मला टक्कल पडले, पण ते करड्या पात्यांनी झाकलेले असल्यामुळे कुणाला दिसले नाही. अति तिथे माती म्हणतात, ती मी अंगावर घेऊन उभा होतो.

बाहेर तरी कुठे बरे चालले होते? सर्वांत चांगला पट्टा कुंपणात गेल्यावर अकरा गाई उरलेल्या पाच पट्ट्यांवर आल्या. त्यात काकांचे गुडघे गेले. ते खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागले. थोरली दोन वेळा धारा काढणार, शेण ओढणार, वासरे बघणार, की दुपारी उतारावर मूठ धरून बसणार? मुठीची चार बोटे झाली, चारांची दोन. पुढे पुढे तर गुरे जिथे जातील तिथे जात. आत आम्हाला अजीर्ण झाले होते आणि बाहेर माझे भाईबंद उपाशी मरत होते. कुणाच्याही मनात वाईट नव्हते. काका खिडकीतून माझ्याकडे बघून समाधानाने चहा पीत, हे पाहून मला रागही येत नसे. नुसते वाईट वाटे.

सातव्या वर्षी गाईंच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. एके दिवशी धाकट्याने शेजाऱ्याचा नांगर मागून आणला आणि बियाण्याची एक भली मोठी पिशवी गोठ्याच्या दाराशी टेकवून ठेवली. पिशवीवर इतक्या हिरव्या गवताचे चित्र होते की मलाही क्षणभर हेवा वाटला.

कुंपणाशी उभा राहून तो बहिणीला म्हणाला, "ताई, एकदा नीट बघ. आतलं मेलंय आणि बाहेरचं मरतंय. सगळा उतार नांगरू. हे बी चाळीस दिवसांत गुडघ्याएवढं होतं."

"आणि वाळल्यावर?"

"पुन्हा पेरायचं."

"दरवर्षी नांगरायचं? पावसात हा उतार खाली येईल, गोठ्यात."

"मग आत्ता काय खातायत त्या? माती? तुझे हात बघ, चारा ओढून ओढून काय झालेत. असंच चाललं तर पाच गाई दुसऱ्या गोठ्यात द्याव्या लागतील. कुठल्या पाच, ते तू सांग."

त्या अकरांतली एकही गाय बाहेरून आणलेली नव्हती. आडमुठी सोडली तर प्रत्येकीला थोरलीने स्वतःच्या हातांनी ओढून जगात आणले होते. धाकट्याला नावे ठेवू नका, मित्रांनो. त्याला बहिणीचे हाल बघवत नव्हते. आणि खरे सांगायचे तर माझ्याकडे पाहून तुम्हीही हेच म्हणाला असता.

नांगरट करायची तर आधी तार काढायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली पक्कड घेऊन आली. कुंपणाची सर्वांत खालची तार माझ्या अंगात रुतून बसली होती. ती सोडवायला तिने गुडघे टेकले, दोन्ही हातांनी माझी करडी पाती बाजूला सारली आणि हात बुडापर्यंत घातला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझ्या कडेवर ऊन पडले. तिथे, टकलाच्या काठाला, नखाएवढा एक फुटवा होता, पिवळट पांढरा. मी आदल्या आठवड्यात काढलेला. माझ्याजवळ उरलेल्या ताकदीत तेवढाच निघाला होता.

तिने पाते खुडून पाहिले नाही, बोटाने नुसते दाबून पाहिले. मग शेजारच्या ठोंबात हात घातला, मग त्याच्या पलीकडच्या. नंतर ती खिडकीशी जाऊन म्हणाली, "काका, तुम्हाला वर यावं लागेल."

काकांना चालवत नव्हते. धाकट्याने शेणाची ढकलगाडी धुऊन आणली, तीत पोते अंथरले आणि काकांना बसवले. चढावर गाडी दोनदा अडकली. "जरा बेतानं," काका म्हणाले, "मी शेण नाहीये." थोरली हसली, पण धाकटा हसला नाही. त्याच्या डोक्यात पेरणीचे दिवस मोजणे चालू होते.

काकांनी गाडीतूनच वाकून माझ्या बुडाशी हात घातला. मेलेला मधला भाग त्यांना लागला, मग कडेचा तो फुटवा लागला.

"हे मेलं नाहीये," ते म्हणाले. "गुदमरलंय. आणि मीच कोंडलं याला. सात वर्षं रोज खिडकीतून बघितलं आणि म्हटलं, काय छान वाढलंय."

"काका, असं नका बोलू," थोरली म्हणाली.

"का? चूक माझीच आहे. मला जे कळत होतं तेच मी विसरलो. यांना खाणारं कुणीतरी लागतं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात कौतुक पुष्कळ झाले, पण त्या एका वाक्याने मला जितके बरे वाटले तितके कशानेच वाटले नाही. म्हाताऱ्या माणसाला पोरांसमोर चूक कबूल करणे सोपे नसते.

थोरली म्हणाली, "सगळी गुरं आत सोडू. तीन दिवस. हे सगळं करडं खाऊन, तुडवून जाऊ दे. मग उतार पूर्ण बंद, आणि वाट बघू."

"किती दिवस?" धाकट्याने विचारले.

"तीन आठवडे."

"तोवर पेरणीची वेळ जाईल, ताई. हे फुटलं नाही तर बीही हातचं जाईल. आगीतून फुफाट्यात."

"ठाऊक आहे मला."

"आणि नाहीच फुटलं तर?"

"तर पाच गाई जातील. मीच नेऊन सोडीन."

धाकट्याने तिच्याकडे पाहिले, काकांकडे पाहिले. मग तिच्या हातातली पक्कड घेतली आणि पुढची तार त्याने स्वतः तोडली.

गुरे आत आली. करडे गवत त्यांना मुळीच आवडले नाही, पण भुकेला कोंडा. अकरा गाईंचे चव्वेचाळीस खूर माझ्या अंगावरून गेले. आडमुठी आता म्हातारी झाली होती, तरी स्वभाव तोच. तिने मला वेटाळून असा हिसका दिला की माझा मेलेला मधला भाग उपटून तिच्या तोंडात गेला. दुखले. तिने तो थुंकून टाकला आणि माझ्याकडे रागाने पाहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरे बाहेर गेली, तेव्हा माझ्यावर काहीच उरले नव्हते. वर मोकळे आकाश होते.

पुढचे तीन आठवडे थोरली गुरांना गोठ्यात बांधून दूरवरून वाळका चारा डोक्यावर वाहून आणत होती. मी काय करत होतो? मी घाबरलो होतो. तुम्हाला वाटेल, गवताला आपले आपल्याला कळत असेल. मला नव्हते कळत. माझ्या निम्म्या मुळांचा पत्ता नव्हता. जी होती त्यांना मी सगळे मागून घेत होतो. पाच दिवस गेले, काही नाही. आठ दिवस गेले. धाकटा रोज काहीतरी निमित्त काढून वर येई, कधी खांब मोजायला, कधी हरवलेला पाना शोधायला. पाना त्याच्या खिशातच असे. थोरली मात्र येत नव्हती. तिला बघायची भीती वाटत असावी.

अकराव्या दिवशी माझ्या कडेला हिरवे टोक आले. बाराव्या दिवशी तीन आली. सोळाव्या दिवशी धाकटा येऊन माझ्याजवळ बसला आणि फुटवे मोजू लागला. सतरा. तो उठून शेजारच्या ठोंबाकडे गेला, परत आला, पुन्हा मोजले. तरी सतराच. मग तो उतरून खिडकीशी गेला आणि इतकेच म्हणाला, "ताई, नांगर परत देऊन येतो."

आत भांडे पडल्याचा आवाज आला. थोरली बाहेर धावली, चढ चढून वर आली आणि माझ्यापुढे बसून रडली. बराच वेळ रडली.

सगळे काही एका रात्रीत सुरळीत झाले, असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. वरच्या पट्ट्यातल्या दर तीन ठोंबांपैकी एक कायमचा गेला. दोन गाई वर्षभर या मुलांच्या मावशीच्या गोठ्यात राहिल्या आणि मग परत आल्या. बियाण्याची ती पिशवी धाकट्याने विहिरीजवळच्या सपाट तुकड्यात पेरली. तिथे ते गवत खरेच गुडघ्याएवढे झाले, आणि चाऱ्याची ओढाताण कमी करायला त्याचा उपयोगही झाला. नव्याचे नऊ दिवस असतात, पण ते नऊ दिवस त्याने मन लावून काम केले, हे मान्य करायला हवे. आता उतारावर पुन्हा सहा पट्टे आहेत आणि सहाही पट्ट्यांना फाटके आहेत. दुपारी मूठ धरायला धाकटा येतो. त्याची मूठ काकांच्या मुठीपेक्षा मोठी आहे, म्हणून बहीणभावांत वाद झाला की माप कुणाचे खरे. काकांनी खुर्चीतूनच निकाल दिला, "मोठी आहे तर असू दे. गवताचं भलंच होईल."

माझ्या मधोमधचे टक्कल मात्र भरले नाही. मी आता एक मोठा ठोंब राहिलो नाही. त्या टकलाभोवती पाच लहान ठोंबांचे कडे झालो आहे. पण पाचही ठोंब जोमाने वाढताहेत.

मागच्या आठवड्यात धाकट्याने खिडकीशी उभे राहून विचारले, "काका, उद्या वरच्या पट्ट्यात सोडू का गुरं?"

"मला काय विचारतोस?" काका म्हणाले. "मी एकदा सांगितलं होतं, त्याचं काय झालं ते बघितलंस. जा, त्यालाच विचार."

आणि तो खरेच आला. माझ्यासमोर मांडी घालून बसला. त्याने माझी पाती बाजूला करून बूड पाहिले, नवे फुटवे पाहिले, मधली माती बोटाने उकरून तिची ओल पाहिली. घाई केली नाही. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ काही ठरवले. कुणी मला जपायचे ठरवले, कुणी नांगरायचे ठरवले. मला विचारायला आलेला हा पहिलाच. मला बोलता आले असते तर मी म्हणालो असतो, मला खा, जरूर खा, खाल्ल्यावाचून मी जगत नाही. पण पोट भरले की थांबा, आणि मला परत वाढायला वेळ द्या. तुमच्या आसपास माझ्यासारखे जे कुणी असेल, झाड असो, जनावर असो, घरातले माणूस असो, त्याला नुसते राबवू नका आणि नुसते कोंडून पुजूही नका. त्याला काय हवे आहे ते जवळ बसून पाहा. मागणे एवढेच आहे.

धाकटा बसल्या जागेवरून उठला, कपड्यांना लागलेली माती झटकली आणि स्वतःशीच म्हणाला, "अजून आठ दिवस."

मी दहा सांगितले असते, पण आठही चालण्यासारखे होते. काल ते आठ दिवस भरले, त्याने फाटक उघडले, आणि मी तयार होतो.